मेणाची डबी आणि अत्तराचा फाया

पुण्यात हल्ली रविवारी सकाळी ‘घरच्या घरी सॉलिड परफ्यूम’ शिकवणारे वर्ग भरतात. मधमाशीचं मेण, बदामाचं नाहीतर खोबरेल तेल, वर वाळ्याच्या किंवा लव्हेंडरच्या तेलाचे थेंब. तासाभरात डबी हातात. इतिहास सांगायची वेळ आली की बहुतेक जण इजिप्त गाठतात. थडग्यांतल्या चित्रांत डोक्यावर शंकू घेतलेली माणसं दिसतात; हे शंकू सुगंधी असावेत असं मानलं जाई. ते शंकू खरेच होते की नुसता चित्रकाराचा संकेत, यावर बरीच वर्षं वाद चालला. अखेर अमार्नाच्या दफनभूमीत दोघांच्या डोक्यावर ते सापडले, मेणाचे निघाले, आणि २०१९ मध्ये तसा शोधनिबंध आला. पुढचा मुक्काम फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावाचा. तिथे काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर जाई, निशिगंधाची फुलं पसरत आणि सुकली की काढून ताजी ठेवत. वास चरबीत उतरे.

हे खरंच आहे, पण पुणेकराला एवढ्या लांब जायचं कारण नाही.

टिकल्यांची पाकिटं येण्याआधी कपाळावर कोरडं कुंकू टिकायचं ते मेणामुळे. आधी बोटाने मेणाचा गोल टिपका, मग त्यावर कुंकू दाबायचं. करंड्याशेजारी मेणाची डबी असायचीच. मेण आणि खोबरेल तेल एकत्र वितळवून ते घरीच करत. नुसतं खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांना पातळ होतं, म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात ते डबीत थांबणारच नाही. मधमाशीचं मेण मात्र बासष्टच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. दोघांची सोयरीक जमली की बोटाला लागेल इतकं मऊ आणि ओघळणार नाही इतकं घट्ट काहीतरी तयार होतं. वैद्यांकडे हेच सिक्थतैल: एक भाग मेण, पाच-सहा भाग तेल. आजच्या वर्गातली कृती याहून वेगळी नाही, फक्त मेण थोडं जास्त, म्हणजे डबी पर्समध्ये उन्हात राहिली तरी चालते.

सुगंधाचं शास्त्र दुसऱ्या वाटेने आलं, आणि त्याचा एक मोठा पुरावा पुण्यातच सापडला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांना संस्थेच्या संग्रहात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ अशा दोन ग्रंथांचं हस्तलिखित मिळालं. त्यातल्या ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे! सुगंधी द्रव्यांच्या कृती कुणाला तरी मराठीत समजावून सांगाव्याशा वाटल्या होत्या. १९८९ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये हे ग्रंथ छापून आले. ‘गंधसारा’त सहा संस्कार सांगितले आहेत: भावना, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. त्यातलं वासन म्हणजे फुलांचा वास दुसऱ्या पदार्थात मुरवणं. फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचं तेल, करताना तीळ मोगऱ्यात थरावर थर ठेवून मग घाण्याला लावत. ग्रासमध्ये चरबी, इथे तीळ. युक्ती एकच, स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो.

अत्तरातही स्पिरिट नव्हतं. उत्तर प्रदेशातल्या कनोजच्या डेग-भपक्यात, म्हणजे अर्क काढायच्या जोडभांड्यांत, फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवत. आपल्याकडे त्याचा फाया कानात जाई, समारंभात पानसुपारीबरोबर अत्तर-गुलाब होई.

मग मेण आणि अत्तर एका डबीत का आलं नाही? मला वाटतं, मेणाची डबी रोजच्या हाताची आणि अत्तर सणासमारंभाचं, म्हणून. (महागाचं अत्तर कुंकवाच्या मेणात घालताना पाहिलं असतं तर सासूबाईंनी काय म्हटलं असतं, ते सोडून देऊ.)

तसा दोन्हींचा अभ्यास या शहरात पुढेही होत राहिला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत साठच्या दशकात सुगंधी तेलांवर मोठं काम झालं; लाखेतल्या ॲल्युरिटिक आम्लापासून कस्तुरीच्या वासाचे रेणू बनवले गेले. १९६२ मध्ये इथेच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

आता रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास मेणही मिळतं, तेलंही आणि रिकाम्या डब्याही. मेण आचेवरून उतरवून जरा निवल्यावरच त्यात सुगंधी तेल घालावं, नाहीतर निम्मा वास स्वयंपाकघरातच राहतो.