‘शाळा’ पाहिलेली आणि ‘शाळा’ वाचलेली

परभणीतल्या आमच्या वाचनालयात दर रविवारी आठवी-नववीची पोरं येतात. ‘शाळा’ ही कादंबरी पुढं केली की उत्तर ठरलेलं असतं, ‘‘पाहिलंय की सर!’’ एक पोरगी तर मला शेवटही सांगून मोकळी झाली. नाव तेच, पात्रं तीच, त्यामुळं घोळ होणारच. पण पाहणं आणि वाचणं यात इथं बराच फरक पडतो.

मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ची, मौज प्रकाशनाची. सुजय डहाके यांचा चित्रपट जानेवारी २०१२मध्ये थिएटरला लागला. (त्याआधी याच कादंबरीवरून एक हिंदी चित्रपटही येऊन गेला होता.) ५९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत डहाके यांचा ‘शाळा’ सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि अविनाश देशपांडे यांना रूपांतरित पटकथेचा पुरस्कार मिळाला. पुस्तकातला मजकूर कॅमेऱ्यापुढं तसाच वाचून दाखवला असता तर हा पुरस्कार मिळाला नसता. काय ठेवायचं, काय सोडायचं, हे पटकथाकाराला पहिल्यापासून ठरवावं लागलं आहे.

खरा फरक आहे शिरोडकरमध्ये, म्हणजे नायकाला आवडणाऱ्या त्याच्या वर्गातल्या मुलीत. कादंबरी सगळी नववीतल्या मुकुंद जोशीच्या तोंडून येते. शिरोडकर वर्गात आली, तिनं वळून पाहिलं, काही बोलली, हे जोशी जेवढं सांगेल तेवढंच आपल्याला कळतं. तिच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही. एका नजरेवर तो दिवसभर विचार करत बसतो आणि वाचणाराही त्याच्यासोबत झुरतो. चित्रपटात केतकी माटेगावकरचा चेहरा समोर असतो. ती जरा हसली की आपल्याला उत्तर मिळतं, कधी कधी अंशुमन जोशीनं उभ्या केलेल्या मुकुंदच्याही आधी. तो चेहरा फार गोड आहे, मला मनापासून आवडतो. पण ती धाकधूक राहत नाही.

आणीबाणीचंही तसंच. १९७५-७६चा काळ दोन्हीकडं आहे, मुकुंदचा नरूमामाही दोन्हीकडं आहे. पडद्यावर मोठ्यांचे चेहरे दिसतात, त्यामुळं काहीतरी गंभीर चाललंय हे लगेच समजतं. पुस्तकात मात्र ती बातमी चौदा वर्षांच्या पोराच्या कानातून, अर्धवट ऐकलेली अशी येते. माझी थोरली बहीण तेव्हा इथं नववीत होती. १९७४ला मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला गोळीबार होऊन दोन विद्यार्थी गेले होते. पुढच्याच वर्षी आणीबाणी लागली. मुख्यमंत्री आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण, ज्यांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. फेब्रुवारी १९७६मध्ये इंदिरा गांधी जायकवाडीच्या लोकार्पणाला पैठणला येऊन गेल्या. एवढं सगळं घडलं, पण ताईला आणीबाणीचं काय आठवतं विचारलं तर ती म्हणते, ‘‘गुरुजी वेळेवर यायला लागले होते रे.’’ जोशीची आणीबाणी अशीच आहे. कादंबरी वाचताना मला ताईचं हे वाक्य हटकून आठवतं, चित्रपट पाहताना नाही.

बाकी फरक किरकोळ. जाडजूड पुस्तक दोन तासांच्या आत बसवायचं म्हटल्यावर प्रसंग गळणारच, त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. दिलीप प्रभावळकर, नंदू माधव, जितेंद्र जोशी यांच्यासारखी माणसं चार-दोन प्रसंगांत अख्खं पात्र उभं करतात, हे पुस्तकाला जमणारं काम नाही. म्हणून पोरांना मी चित्रपट पाहू नका असं कधी सांगत नाही.

शेवट सांगून टाकणाऱ्या त्या पोरीनं अखेर पुस्तक घरी नेलं. पंधरा दिवसांनी परत आणलं तेव्हा टेबलाशी घुटमळली आणि हळूच म्हणाली, ‘‘सर, शिरोडकरला तो खरंच आवडायचा का हो?’’