ड्रायर गरम होत नाही, तेव्हा आधी हात कुठे लावायचा?

जुलैत मुंबईत कपडे वाळत नाहीत, नुसते लोंबत राहतात. गॅलरीतल्या दोरीवर, पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठीवर. तिसऱ्या दिवशी हात लावला तरी दमटच, आणि वर तो कुबट वास. आमच्या मुलुंडच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी याच त्रासाला कंटाळून ड्रायर घेतला. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, दोन तास झाले फिरतोय, टॉवेल ओलेच आहेत. मेकॅनिक म्हणतो, हीटर गेला. जरा येऊन बघतोस का?"

हीटर गेला नव्हता. नेमकं काय झालं होतं ते समजायला आधी कपडे वाळतात कसे ते बघू.

३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्के असते, म्हणजे त्यातली २६-२७ ग्रॅम जागा आधीच भरलेली. उरली तीन-चार ग्रॅम. ओल्या टॉवेलने आपलं पाणी द्यायचं कुणाला? आता ही हवा ६० अंशांपर्यंत तापवा. त्या तापमानाला घनमीटरमागे १३० ग्रॅम वाफ मावते. पाणी उडताना हवा पुन्हा थंड होते, त्यामुळे ही सगळी जागा वापरता येत नाही, पण फरक प्रचंड पडतो. ड्रायर एवढंच करतो: हवेला तहान लावतो, तिला कपड्यांमधून फिरवतो आणि पाणी प्यालेली हवा बाहेर सोडतो.

यातलं शेवटचं काम लोकांच्या ध्यानात येत नाही. उष्णता कितीही असली तरी भरलेली हवा बाहेर गेली नाही, तर कपडे वाफेत शिजल्यासारखे गरम होतात, कोरडे होत नाहीत.

हिशेबही करून बघण्यासारखा आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे विजेचं सुमारे दोन-तृतीयांश युनिट. २००० वॅटचा हीटर असेल तर एका लिटरला किमान २० मिनिटं. पिळून काढलेल्या मशिनभर कपड्यांत दीड-दोन लिटर पाणी सहज असतं. त्यामुळे तासाभरात वाळले तर मशिन उत्तम चाललंय. दोन तासांनी टॉवेल ओले असतील, तर मात्र काहीतरी बिघडलंय.

काकूंकडचा ड्रायर पाइपाने हवा बाहेर टाकणारा. मी लगेच मागचं झाकण उघडलं नाही. आधी मशिन चालू करून खिडकीबाहेरच्या पाइपाच्या तोंडाशी हात धरला. घरच्या घरी करता येण्यासारखी ही सगळ्यात चांगली तपासणी आहे. वारा जोरात आणि गरम लागला तर मशिन ठीक. जोरात पण गार लागला तर हीटर, त्याची वायर किंवा तापमान मोजणारा सेन्सर यांच्याकडे बघायचं. आणि वारा नुसता फुंकर मारल्यासारखा लागला, तर वाट अडलीय. काकूंच्या पाइपातून फुंकर येत होती.

हवा अडली की हीटरची उष्णता तिथेच कोंडते. हीटरजवळ एक थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली छोटी चकती असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, आणि चकती टक्कन उलटी वळते. वीज तुटते. थोडं निवलं की चकती पुन्हा सरळ, हीटर पुन्हा चालू. असं टक-टक सुरू राहिलं की हीटर बराच वेळ बंदच असतो, ड्रम कोमट राहतो आणि आपण म्हणतो, "गरम होत नाही." खरं तर आत एका कोपऱ्यात तो नको तितका गरम झालेला असतो.

त्याहीपुढे तापमान गेलं तर थर्मल फ्यूज वितळतो. हा एकदा गेला की गेला, निवल्यावर पुन्हा जुळत नाही. इथे मला कळकळीने एक सांगायचंय. काही मेकॅनिक या फ्यूजच्या दोन वायरी एकत्र पिळून "डायरेक्ट" करून देतात. मशिन लगेच चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण कापसाच्या तंतूंनी भरलेल्या त्या डब्यात आगीला रोखणारी शेवटची गोष्ट आपण काढून टाकलेली असते. फ्यूज शंभर-दोनशे रुपये वाचवायची जागा नव्हे. नवीन बसवून घ्या, आणि जुना का वितळला तेही शोधायला लावा, नाहीतर तो पुन्हा वितळेल.

आता सेन्सर. बहुतेक नव्या मशिनांत थर्मिस्टर असतो, तुरीच्या डाळीएवढा मणी आणि त्याला दोन वायरी. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. गरम झाल्यावर रोध घटणारे पदार्थ असतात हे मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत पाहिलं होतं. माझ्याकडे लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एक १० हजार ओहमचा (ओहम म्हणजे रोध मोजायचं एकक) थर्मिस्टर आहे. हा आकडा २५ अंशांचा. आमच्या ३० अंशांच्या खोलीत मल्टिमीटर, म्हणजे रोध वगैरे मोजायचं छोटं यंत्र, आठ हजारांच्या आसपास दाखवतो. चिमटीत धरला की बोटांच्या उबेने आकडा डोळ्यांदेखत उतरू लागतो, सात हजारांच्या खाली येतो. ६० अंशांच्या पाण्यात बुडवला तर अडीच हजार. प्रत्येक मशिनचा थर्मिस्टर वेगळा असतो, पण तापताना आकडा सलग उतरला पाहिजे. तो उड्या मारत असेल किंवा जागचा हलतच नसेल, तर सेन्सर बदला.

सेन्सरची वायर तुटली तर मशिनला अनंत रोध दिसतो, म्हणजे त्याच्या लेखी आत कडाक्याची थंडी. भोळं मशिन असतं तर तापवतच सुटलं असतं, म्हणून इलेक्ट्रॉनिक मशिन सहसा एरर दाखवून हीटर थांबवतं. उलट वायरी एकमेकींना चिकटल्या तर मशिनला आत भट्टी पेटलीय असं वाटतं आणि हीटर चालूच होत नाही. मुंबईत यात तिसरा प्रकारही येतो. खाऱ्या, दमट हवेने सेन्सरच्या प्लगवर गंज चढतो आणि तिथेच हजारभर ओहमचा जास्तीचा रोध तयार होतो. आत ६० अंश असतात, पण अडीच हजारांचे साडेतीन हजार झाल्याने मशिन ५० समजतं आणि आणखी तापवतं. कपडे आकसतात, इलॅस्टिक सैल पडतं, आणि दोष कापडाला जातो. अशा वेळी नवा सेन्सर आणण्याआधी प्लग काढून साफ करून बघावा.

कपडे ओले असतानाच मशिन "झालं" म्हणून थांबत असेल, तर ड्रमच्या कडेच्या दोन धातूच्या पट्ट्या बघा. ओलं कापड त्यांना टेकलं की वीज वाहते, त्यावरून मशिन ओल ओळखतं. कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा थर पट्ट्यांवर बसला की त्यांना सगळंच कोरडं वाटतं. व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसलं की पुरतं.

प्लगही विसरू नका. २००० वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात, तेव्हा १६ अँपिअरचा सॉकेटच हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. आणि दाब २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाला तर हीटरची ताकद २००० वरून १५०० वॅटवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

मल्टिमीटरची सवय असेल तरच मागचं झाकण काढा, आणि प्लग भिंतीतून उपसल्यावरच. मेकॅनिकच्या निदानाची खात्री करायला मीही तसंच केलं. हीटरच्या वायरी सोडवून मोजलं, २७ ओहम. २३० व्होल्टला २००० वॅट म्हणजे साधारण २६. हीटर धडधाकट होता.

मग कपाट पुढे ओढलं. चंदेरी घडीचा पाइप कपाट आणि भिंत यांच्यात चेपून चपटा झाला होता. ओढून काढला तर आतून गुलाबी-करड्या तंतूंचा ओला लगदा निघाला, टॉवेलांच्याच रंगाचा, दोन मुठी भरतील एवढा. काकू बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. ड्रायरमधली तंतू अडवणारी जाळी त्या दर वेळी साफ करत होत्या, पण जाळीतून सुटलेले बारीक तंतू पाइपात जमतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाइप धुऊन, वाळवून, सरळ बसवला. पन्नास मिनिटांत टॉवेल कडकडीत वाळले. आता दर रविवारी काकू मशिन लावतात आणि पाच मिनिटांनी खिडकीबाहेर हात काढून वारा बघतात.