ओळखीची वस्तू, अनोळखी स्केल: डिझाइनच्या एका स्वाध्यायाची पार्श्वभूमी

रोजच्या वापरातली एखादी वस्तू निवडा, ती कितीतरी पट मोठी किंवा लहान करा आणि जिथे ती कधी दिसत नाही अशा जागी ठेवा. डिझाइनच्या पहिल्या वर्षातला हा स्वाध्याय आता इतका रुळला आहे की तो एका दमात सांगितला जातो. त्यात स्केल (वस्तूचं माप) आणि संदर्भ (तिची जागा) अशा दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत आणि त्या निराळ्या वाटांनी आल्या आहेत, याकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

स्केलची वाट जुनी आहे. १६३८ मध्ये छापलेल्या एका इटालियन शास्त्रज्ञाच्या ग्रंथात शेजारीशेजारी दोन हाडं काढली आहेत. दुसरं हाड लांबीला तिप्पट, पण जाडीला त्याहून कितीतरी पट जास्त. लांबी दुप्पट केली की छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. वजन घनफळाबरोबर वाढतं, ते पेलण्याची ताकद छेदाबरोबर. त्यामुळे नुसती मोठी केलेली वस्तू स्वतःच्याच भाराने वाकू लागते.

संदर्भाची वाट १९१७ च्या न्यूयॉर्कमधली. पोर्सिलेनचं मूत्रपात्र पाठीवर आडवं ठेवून, त्यावर सही करून कलाप्रदर्शनाला पाठवलं गेलं. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाचं काम मांडायचं असं ठरलेलं असूनही ते मांडलं गेलं नाही. त्याचा आकार तसूभरही बदलला नव्हता. बदलली होती ती जागा आणि ठेवण्याची दिशा.

१९१९ मध्ये जर्मनीत वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या डिझाइनच्या शाळेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात मात्र सामग्रीला पहिला मान होता. पुढे तिथे कागद फक्त कापून-दुमडून उभा करायला लावत, कारण तो काय पेलू शकतो हे हातांना कळावं. १९३३ मध्ये शाळा बंद पडली, काही शिक्षक अमेरिकेत गेले आणि ही पद्धत त्यांच्याबरोबर पसरली.

ओळखीची वस्तू शिक्षणात जोरात शिरली ती १९६० च्या दशकात. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत कापड शिवून, आत फोम वगैरे भरून केलेला भलामोठा बर्गर जमिनीवर ठेवला गेला. १९६४ मध्ये व्हिएन्नाच्या एका वास्तुविशारदाने विमानवाहू जहाजाचं छायाचित्र शेतजमिनीच्या छायाचित्रात चिकटवलं. शाळांना ही दुसरी रीत सोयीची होती: कात्री, गोंद आणि जुनी मासिकं एवढ्यावर काम भागत होतं. माझ्या मते नुकसानही तिथेच झालं. वजन चित्रात येत नाही, त्यामुळे स्केल हा नजरेचा खेळ होऊन बसला.

या इतिहासात सगळ्यात जास्त शिकवणारी घटना १९६९ ची, अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या येल विद्यापीठातली. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी पैसे जमवले, विद्यापीठाच्या एका माजी विद्यार्थ्याला शिल्प करायला सांगितलं आणि मे महिन्यात प्रशासनाला न विचारता ते थेट मधल्या चौकात आणून ठेवलं. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर उभी केलेली प्रचंड लिपस्टिक. पट्टे प्लायवुडचे, टोक मऊ व्हिनाइलचं, हवा भरून ताठ करायचं. समोर युद्धस्मारक, बाजूला विद्यापीठाच्या अध्यक्षांचं कार्यालय आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनांचे दिवस. शिल्पाकडे भाषणाचं व्यासपीठ म्हणूनही पाहिलं होतं. बोलणाऱ्याने आधी टोकात हवा भरायची आणि मग बोलायचं.

प्लायवुड कुजलं, अंगावर भित्तिपत्रकं चढली आणि १९७० मध्ये शिल्प हलवलं गेलं. १९७४ मध्ये ते स्टील, ॲल्युमिनियम आणि रेझिनमध्ये नव्याने घडवून विद्यार्थ्यांच्या एका निवासी संकुलाच्या अंगणात बसवलं. या निर्णयावर आजही दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते, उघड्यावर प्लायवुड टिकणार नव्हतं. शिल्पकाराने स्वतः पुन्हा घडवलं म्हणून ते वाचलं, नाहीतर आज फक्त छायाचित्रं उरली असती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, वाचलं ते केवळ बाह्यरूप. हे म्हणणं मला जास्त पटतं. मऊ टोकाला माणसाची गरज होती. कुणी हवा भरली नाही तर ते लोंबणार, आणि त्या लोंबण्यालाही अर्थ होता. कडक टोक कुणासाठीही थांबत नाही. शिवाय स्मारक आणि कार्यालय समोरून गेलं, तेव्हा ती लिपस्टिक कुणाला उद्देशून आहे तेच कळेनासं झालं. स्केल मोठंच राहिलं, पण सामग्री आणि जागा बदलली आणि त्याबरोबर अर्थ गेला. विद्यार्थ्यांपुढे ही दोन्ही रूपं शेजारीशेजारी ठेवावीत. स्केल एकट्याने किती थोडं करतं हे तिथे लख्ख दिसतं.

१९७६ मध्ये फिलाडेल्फियात उभारलेला ४५ फुटी कपड्यांचा चिमटा हे याच शिल्पकाराचं काम. खऱ्या चिमट्याच्या तो साधारण १८० पट. लाकडाच्या जागी पोलाद आलं आणि स्प्रिंग दिसायला तशीच राहिली, पण तिचं दाबून धरण्याचं काम संपलं. स्वाध्यायात हीच जागा पकडायची असते: आकार वाढवताना वस्तूचं कोणतं काम थांबलं?

संगणकाने हा प्रश्न आणखी मागे ढकलला. १९८० च्या दशकात आलेल्या रेखाटनाच्या प्रणालींत वस्तू खऱ्या मापात काढायची आणि स्केल छापताना ठरवायचं अशी रीत पडली. माऊसचं चाक फिरवलं की पडद्यावर खुर्ची इमारतीएवढी दिसते आणि तिचा एक पायही जाड करावा लागत नाही. त्रिमितीय छपाईने वस्तू हातात परत दिली, पण यंत्रात मावेल एवढीच. मग बारा इंची खुर्ची छापून ‘महाकाय’ म्हणून सादर होते, शेजारी कागदी माणूस उभा करून.

काही स्टुडिओंत म्हणून ब्रीफचे, म्हणजे स्वाध्यायाच्या सूचनांचे, दोन भाग करतात. आधी फक्त जागा बदलायची, मापाला हात लावायचा नाही. मग वस्तू किमान दहापट करायची, पुठ्ठा, काठ्या, कापड वापरून, लहान प्रतिकृतीत नव्हे तर प्रत्यक्ष तेवढी, आणि ती आधाराशिवाय उभी राहिली पाहिजे. पाय जाड करावे लागतात, सांध्यांना आतून टेकू द्यावे लागतात आणि मूळ वस्तूपासून ती कुठे दुरावली हे जूरीत, म्हणजे परीक्षकांपुढच्या सादरीकरणात, विद्यार्थ्याला बोट ठेवून सांगता येतं.