खुली सुनावणी आणि खुला अभिलेख

न्यायालयाचे कामकाज जनतेसमोर चालते, तेव्हा तिथला प्रत्येक कागदही जनतेला खुला असणार, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात खुली सुनावणी आणि खुला अभिलेख या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

खुली सुनावणी हा नियम आहे आणि बंद दालन हा अपवाद. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५३ ब आणि फौजदारी खटल्यांना लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ यांनुसार जागा असेल तोवर कोणालाही न्यायदालनात बसता येते; बलात्काराच्या खटल्यांसारख्या प्रकरणांत मात्र दारे बंद करावी लागतात. या मोकळेपणाचा हेतू पक्षकाराचे आयुष्य उघडे पाडणे हा नसून न्यायाधीश कसे वागतात, साक्ष कशी नोंदवली जाते, हे लोकांना पाहता यावे हा आहे.

सुनावणी खुली असली म्हणजे तिथे ऐकलेले सारे प्रसिद्ध करता येतेच, असेही नाही. १९६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराने आपल्या साक्षीला प्रसिद्धी मिळाल्यास धंद्याचे नुकसान होईल, असे सांगितले. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दालन सर्वांना खुले ठेवले, पण ती साक्ष छापण्यास मनाई केली. पत्रकारांनी त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९६६ मध्ये बहुमताने फेटाळले. तो निर्णय मला वृत्तपत्रांच्या बाबतीत फार कडक वाटतो. पण ऐकण्याची मुभा आणि पसरवण्याची मुभा यांत कायदा फरक करतो, हे त्यातून स्पष्ट होते.

अभिलेखाचे गणित उलटे आहे. अर्ज, शपथपत्रे, पुरावे यांची प्रमाणित प्रत पक्षकाराला मिळते; त्रयस्थाला मात्र नियमांनुसार कारण दाखवून परवानगी मागावी लागते. माहिती अधिकारातून हा वळसा टाळता येईल का, हा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उच्च न्यायालयाच्या नियमांत प्रत मिळवण्याची सोय असताना माहिती अधिकाराचा मार्ग वापरता येणार नाही आणि पक्षकारांची माहिती न्यायालय विश्वस्त म्हणून सांभाळते, असे २०२० मध्ये ठरले.

परिणामी, ज्या कागदांवरून एखाद्या सार्वजनिक प्रकल्पाविषयीचा युक्तिवाद तपासता आला असता ते पत्रकाराला सहज मिळत नाहीत, आणि ज्या निकालपत्रात एखाद्या सामान्य माणसाचे नाव, गाव, आजार, वैवाहिक कलह नोंदलेला असतो ते शोधयंत्रात नाव टाकताच कोणापुढेही येते. पूर्वी तेच निकालपत्र नक्कल विभागात पडून असे. गुप्त नसे, पण ते मिळवायला कोणाला तरी कारण असावे लागे आणि कष्ट घ्यावे लागत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालात, न्यायालयीन अभिलेखात आलेल्या बाबींवर खासगीपणाचा दावा सहसा उरत नाही, असे म्हटले होते, आणि लैंगिक अत्याचाराच्या बळींसाठी तेव्हाही अपवाद ठेवला होता. त्या काळी शोधयंत्रे आजच्यासारखी सर्वांच्या हाती नव्हती. २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यानंतर ते जुने विधान जसेच्या तसे वापरणे मला अन्यायाचे वाटते.

पण उपाय म्हणून निकालच काढून टाकायचे का? निर्दोष सुटलेल्या एका माणसाच्या मागणीवरून मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका कायदेविषयक संकेतस्थळाला निकाल हटवायला सांगितले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ती स्थगिती मला योग्य वाटते, कारण निकाल नाहीसा झाला तर न्यायाधीशाची कारणमीमांसाही लोकांच्या नजरेआड जाते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पक्षकारांची नावे न देता केवळ अक्षरे वापरली. ही पद्धत कौटुंबिक वाद, आजारपणाच्या नोंदी असलेली प्रकरणे आणि निर्दोष सुटलेल्यांचे खटले यांत, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, निकाल संकेतस्थळावर चढवण्यापूर्वीच लागू व्हायला हवी. मात्र मंत्री, अधिकारी आणि कंपन्या पक्षकार असतील तिथे नावे झाकण्याचे कारण नाही, आणि त्या प्रकरणांतली शपथपत्रेही कारण न विचारता कोणालाही वाचता आली पाहिजेत.