गाडी स्टार्ट न होणे: घरच्या घरी तपासणी

गाडी स्टार्ट न होणे म्हणजे चावी फिरवली किंवा बटण दाबलं तरी इंजिन चालू न होणं. याची दोन अगदी वेगळी रूपं आहेत आणि लोक ती एकत्र करतात तिथेच अर्धा गोंधळ होतो. एक म्हणजे सेल्फच उचलत नाही, इंजिन फिरतच नाही, आणि दुसरं म्हणजे सेल्फ मस्त घर्र घर्र फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. पहिल्यात भानगड बहुतेक वेळा बॅटरी, टर्मिनल (बॅटरीची दोन टोकं, जिथे तारा जोडतात) किंवा सेल्फची असते, दुसऱ्यात इंधन, स्पार्क नाहीतर इमोबिलायझरची, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेची. मेकॅनिकला फोन केला की तो पहिलं हेच विचारतो, "सेल्फ फिरतोय का?", आणि त्यावर "अहो स्टार्टच होत नाहीये" असं उत्तर दिलं तर त्याला बिचाऱ्याला काहीच कळत नाही.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिन चालू व्हावं म्हणून ते आधी फिरवून देणारी. आधी लोक पुढून हँडल घालून गाडी चालू करायचे, त्यात हात मोडायचे, मग १९११ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने इलेक्ट्रिक स्टार्टर केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर-दीडशे अँपिअरच्या आसपास करंट खेचतो, डिझेलचा त्याहून जास्त. हेडलाइटच्या दोन साध्या बल्बना मिळून नऊ-दहा अँपिअर पुरतात. म्हणून "लाइट तर लागतोय, मग बॅटरी चांगलीच असणार" या म्हणण्याला काही अर्थ नाही.

ठाणे-नवी मुंबईत हे इतकं का होतं

कारण सरळ आहे, गाडी चालतच नाही. घोडबंदर रोड असो की खारघर, माणूस सोमवार ते शुक्रवार लोकल, मेट्रो, कंपनीची बस यांनी जातो आणि एमएच-०४ किंवा एमएच-४६ ची गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, धूळ खात उभी राहते. उभी गाडीसुद्धा थोडा करंट पीत असते, घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर असं सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासाची, म्हणजे दोन आठवड्यांत ती अर्धी झाली. त्यात बाहेरून बसवलेला डॅशकॅम चोवीस तास चालू असेल तर विचारूच नका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये लायनीने गाड्या बंद पडल्या त्या याच गणिताने.

रविवारी तलावपाळीपर्यंत जाऊन आलो म्हणजे बॅटरी चार्ज झाली असंही नाही. एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू आणि गाडी ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभी, अशा वेळी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, जेमतेम खर्च भागवतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग, ठाणे-बेलापूर रोड रिकामा असताना किंवा पाम बीचवर, चालवली तर फरक पडतो. आणि आपल्याकडचा उकाडा बॅटरीचं आयुष्य खातो, खाडीची दमट खारी हवा टर्मिनल खाते. तीन-चार वर्षं झाली की बॅटरी केव्हाही दगा देऊ शकते असं धरूनच चालावं.

आधी कान, मग हात

बॉनेट उघडायच्या आधी चावी फिरवून नीट ऐका. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे लाइट मिणमिणतायत, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच जाड "टक्" आणि लाइट तसेच ठणठणीत, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर. जुन्या सेल्फचे कार्बन ब्रश झिजले की मेकॅनिक पान्याच्या दांड्याने त्यावर हलकेच ठोकतो आणि गाडी एकदा चालू होते, पण तो तात्पुरता जुगाड, लगेच गॅरेज गाठायचं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली या कामासाठी कधीही शिरायचं नाही. लाइट झकास आणि आवाज शून्य असेल तर आधी आपलीच चूक शोधा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मारत नाहीत, एएमटीला (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी) न्यूट्रल आणि ब्रेक लागतो, ऑटोमॅटिक पी किंवा एन मध्येच हवी. ब्रेकच्या पेडलखाली पाण्याची बाटली घरंगळत गेलेली असणं हेही कारण असतं, हसू नका.

सगळंच मेलेलं, दरवाजाचा लाइटही नाही, तर बॅटरी पार झोपली किंवा टर्मिनल निघालंय.

बॅटरी आणि टर्मिनल

मल्टीमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि गाडीवाल्या घरात तो असायलाच हवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट आले की बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे संपली. सेल्फ मारताना कुणालातरी मीटर बघायला सांगा, साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी गेली समजा. गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, ते १२ च्या घरातच राहिले तर नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही, अल्टरनेटर दाखवा. हे शेवटचं न बघता लोक बॅटरी बदलून मोकळे होतात आणि दोन दिवसांनी परत तिथेच.

पण खर्चाच्या आधी टर्मिनल हाताने फिरवून बघा. किंचितही हललं तर चोर सापडला. क्लँपखाली पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते ती करंट अडवते, आणि वरून सगळं ठीक दिसत असताना आतल्या बाजूला पातळ काळा थर असतो तो तर क्लँप काढल्याशिवाय दिसतच नाही. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. आधी काळी निगेटिव्ह काढायची, मग लाल, कारण उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतला की पूड फसफसून निघते, जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करायचं, काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढायचा, लाल आधी लावून मग काळी, घट्ट आवळायचं आणि वरून व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. डोळ्यांवर चष्मा असू द्या, ती पूड आणि ॲसिड दोन्ही वाईट. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, घरचं आरओचं पाणी चालत नाही.

जम्पर आणि धक्का

जम्पर म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीतून केबलने करंट घेऊन आपली गाडी चालू करणं. त्यासाठी शेजाऱ्याची गाडी १२ व्होल्टचीच हवी. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीला नाही, कारण बॅटरीतून हायड्रोजन येतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडतेच. पाच मिनिटं शेजाऱ्याची गाडी चालू ठेवा, मग सेल्फ मारा, एका वेळी पाच-सात सेकंद, मध्ये अर्धा मिनिट थांबून. बाजारातल्या स्वस्त केबलला वरून जाड रबर आणि आत केसासारखी तार असते, ती फक्त गरम होते.

धक्का फक्त मॅन्युअल गाडीला. इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की झटकन सोडायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, त्यामुळे पोडियमच्या उतारावर हा प्रयोग वॉचमनकाकांच्या भरवशावर करू नये.

सेल्फ फिरतो पण पकडत नाही

इग्निशन ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या, पेट्रोल गाडीत दोनेक सेकंद पंपाचा बारीक "झूं" येतो. नाही आला तर फ्यूज, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा पंप. सीएनजीवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं, कारण बऱ्याच सीएनजी गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. गॅस भरपूर आहे म्हणून पेट्रोल महिनोन्‌महिने रिझर्व्हवर ठेवलं की एक दिवस गाडी गॅसच्या टाकीसकट उभी. शिवाय पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे पाव टाकी तरी असावी.

डॅशवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखली नाही. दुसरी चावी वापरून बघा, बटणवाली गाडी असेल तर रिमोटचा सेल गेलेला असतो, बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ लागतो, आणि तोपर्यंत रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून ते दाबलं की बहुतेक गाड्या चालू होतात.

सोसायटीत "जरा गाडी पुढे घ्या ना" हा प्रकार रोजचा. थंड इंजिन चालू केलं, दहा फूट सरकवलं, बंद केलं, यात स्पार्क प्लग पेट्रोलने ओले होतात आणि संध्याकाळी गाडी नुसती घरघरते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत पेट्रोल बंद होऊन फक्त हवा जाते, प्लग सुकतात. आणि उंदीर! बॉनेटखाली लेंड्या किंवा कुरतडलेली वायर दिसली तर पुढे काही न करता वायरमनला बोलवा.

पाणी शिरलं असेल तर

वंदना टॉकीजचा परिसर असो की बेलापूर, जुलैत पाणी भरतं. एअर फिल्टरच्या उंचीपर्यंत पाणी आलं असेल तर सेल्फ मारायचाच नाही, एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. शक्य असेल तर निगेटिव्ह काढा, फोटो काढा, टोइंग बोलवा.

स्टॅक पार्किंगच्या (गाड्या एकावर एक उभ्या करायची यांत्रिक सोय) वरच्या पाळण्यात गाडी मेली तर जम्परची केबल पोचत नाही, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही, आणि खालचा शेजारी ऑफिसला निघालेला असतो. तिथे पॉवर बँकसारखा छोटा जम्प स्टार्टर हाच उपाय, तो महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करून घरात ठेवायचा, गाडीच्या डिकीत नाही, कारण बॅटरी मेल्यावर बऱ्याच गाड्यांची डिकी उघडतच नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही निवांत राहू नये, मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी गाडी जागी करणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते आणि ती उतरली की तीही गाडी जागची हलत नाही.