आइसलँडच्या राज्यघटनेचा नागरिक-मसुदा: १८७४ ते २०१३

आइसलँडमध्ये मनुष्यवस्ती झाल्याला हजार वर्षे पूर्ण झाली म्हणून १८७४ साली डेन्मार्कचा राजा नववा ख्रिश्चन याने या बेटाला पहिली राज्यघटना बहाल केली. ती राजाने दिलेली होती, लोकांनी घडवलेली नव्हती. १९४४ मध्ये, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना आइसलँड प्रजासत्ताक झाला, तेव्हाही नवी घटना लिहायला सवड नव्हती. जुन्याच मजकुरात राजाच्या जागी राष्ट्राध्यक्ष आला, मोजके बदल झाले आणि समग्र फेरविचार पुढे करू, असे ठरले. संसदीय समित्या नेमल्या गेल्या, १९९५ मध्ये मानवी हक्कांचे प्रकरण नव्याने लिहिले गेले, पण तो समग्र फेरविचार काही झाला नाही.

ऑक्टोबर २००८ मध्ये देशातील तीन मोठ्या बँका अवघ्या काही दिवसांत कोसळल्या, जानेवारी २००९ मध्ये लोक भांडी वाजवत संसदेसमोर उभे राहिले आणि सरकार गेले. बँका बुडाल्या त्या घटनेतील त्रुटींमुळे, असे म्हणता येणार नाही. परंतु सत्तेवर लक्ष कोणी ठेवायचे आणि देशाची संपत्ती कोणाची, हे प्रश्न आता टाळता येईनात.

६ नोव्हेंबर २०१० रोजी यदृच्छया निवडलेल्या सुमारे ९५० नागरिकांची राष्ट्रीय सभा भरली आणि नव्या घटनेत कोणती मूल्ये असावीत, यावर तिने दिवसभर विचार केला. त्याच महिन्यात नव्या घटनेचा मसुदा लिहिणाऱ्या सभेच्या २५ जागांसाठी निवडणूक झाली. पाचशेहून अधिक उमेदवार उभे होते आणि खासदारांना उमेदवारीच बंद होती. मतदान मात्र ३७ टक्क्यांच्या आसपासच राहिले. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही निवडणूक रद्द ठरवली. मतपत्रिकांवर क्रमांक होते, मतदान कक्षांचे आडोसे पुठ्ठ्याचे होते, अशी कारणे देण्यात आली. मतांत फेरफार झाल्याचे कोणीही सिद्ध केले नव्हते. त्यावर संसदेने त्याच निवडून आलेल्यांना घटना परिषदेचे सदस्य म्हणून नेमले. एकीने नकार दिल्याने तिच्या जागी पुढच्या क्रमांकाच्या उमेदवाराला घेतले. काम अडले नाही, पण ‘लोकांनी निवडलेली सभा’ हे बळ गेले आणि विरोधकांना कायमचा आक्षेप मिळाला.

परिषदेने चार महिन्यांत काम पूर्ण केले. मसुद्याची कलमे तयार होतील तशी इंटरनेटवर ठेवली जात, लोक त्यांवर अभिप्राय देत आणि पुढच्या आवृत्तीत कलमे बदलत. जगभर गाजला तो हाच भाग. माझ्या मते मात्र त्याहून मोलाची होती ती ९५० जणांची सभा, कारण तिथे येणारा नागरिक स्वतःहून पुढे आलेला नव्हता, त्याला देशाने बोलावले होते. जुलै २०११ च्या अखेरीस ११४ कलमांचा मसुदा एकमताने संसदेकडे सुपूर्द झाला. खाजगी मालकीत नसलेली नैसर्गिक संपत्ती ही राष्ट्राची कायमची सामाईक मालमत्ता राहील, हे त्यातील सर्वांत वादग्रस्त कलम होते. मासेमारीच्या हक्कांचे वाटप काही मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटलेल्या या देशात त्याचा अर्थ सर्वांना नीट कळत होता.

२० ऑक्टोबर २०१२ च्या सल्लादायी सार्वमतात जवळपास निम्म्या मतदारांनी भाग घेतला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोकांनी हा मसुदा नव्या घटनेचा पाया असावा असा कौल दिला, तर नैसर्गिक संपत्तीच्या कलमाला ८० टक्क्यांहून अधिक पाठिंबा मिळाला.

परंतु १९४४ च्या घटनेनुसार घटनादुरुस्ती संसदेने एकदा संमत करावी लागते, मग निवडणूक व्हावी लागते आणि नव्या संसदेने तीच पुन्हा संमत करावी लागते. म्हणजे नागरिकांनी सभेत, परिषदेत आणि सार्वमतात जे केले, त्यावरचा अखेरचा शब्द ज्यांच्या अधिकारांवर मसुदा मर्यादा घालत होता, त्या प्रतिनिधींचाच राहिला. २०१३ च्या वसंतात अधिवेशन संपले, तरी विधेयक अंतिम मतदानाला आलेच नाही. एप्रिलच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरले आणि मसुद्याला विरोध करणारे सत्तेत आले.