आभाळ भरून आलं म्हणून क्लाउड बंद पडत नाही

"आभाळ आलंय, आज क्लाउड काय चालायचा नाही." मिरगाचा पाऊस लागला की रत्नागिरीच्या बाजारात हे वाक्य ठरलेलं. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब मोबाइलवर ठेवणारे जाणते बागायतदारही वर बोट दाखवतात. सगळा घोळ त्या नावाने केलाय: क्लाउड म्हणजे ढग, पण इथे अर्थ इंटरनेटवरून वापरायची दूरच्या संगणकांवरची जागा.

तुमचा हिशोब आकाशात नसतो. तो जमिनीवरच्या इमारतीत, ओळीने लावलेल्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू असणाऱ्या संगणकांवर असतो. ॲमेझॉनने २०१६ साली आणि गूगलने २०१७ साली मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. परदेशाशी होणारी देवाणघेवाणही उपग्रहातून फारशी होत नाही. ती समुद्रतळाच्या केबलमधून होते, आणि त्यातल्या काही वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात.

मग पावसात अडतं कुठे? आपल्याच दारात. माडाची झावळ तारेवर पडते, लाइट जाते, राउटरचा हिरवा दिवा विझतो. टॉवरची बॅटरी उतरली की मोबाइलही मुका. २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस अंधारच होता.

याच्याच जोडीची दुसरी समजूत: क्लाउडला वीज लागत नाही. लागते, भरपूर लागते. यंत्रं गार ठेवायलाही. केंद्राच्या एकूण विजेला संगणकांना मिळालेल्या विजेने भागलं की पीयूई, म्हणजे वीज किती काटकसरीने वापरली याचं माप, येतो. आदर्श आकडा १. गूगलची सरासरी १.१ च्या आसपास. एसीखाली दिवसभर जवळजवळ रिकामा फिरणारा आपला कोपऱ्यातला सर्व्हर तिथवर कुठला पोचायला!

तेव्हा आभाळ बघत बसू नका. राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि नेट नसताना बिल निघतं का, ते सॉफ्टवेअरवाल्याला आधीच विचारा.